हळद भरण्याआधी जखम धुवा

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत गेल्या रविवारी जखमांवरच्या वनस्पतींविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. हळद, कोरफड, कडुनिंब, एकदांडी अशा ओळखीच्या झाडपाल्याचे रस आणि लेप घरच्या घरी कसे करावेत, हे लेखकाने मन लावून सांगितले आहे. वनस्पतींविषयी त्यांना वाटणारे प्रेम मलाही वाटते, त्यामुळे लेखाचा बहुतेक भाग वाचताना आनंद झाला. परंतु शेवटच्या परिच्छेदात, मधुमेह असलेल्यांनी पायाच्या न भरणाऱ्या जखमेवर दवाखान्यातील उपचारांना पर्याय म्हणून हे अर्क महिनाभर वापरून पाहावेत, असा सल्ला दिला आहे. सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतली बरीचशी वर्षे ड्रेसिंगच्या खोलीत गेली. त्या एका सल्ल्यापायी कुणाचा पाय जाऊ शकतो, हे मी डोळ्यांनी पाहिले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

झाडपाल्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही, हे आधीच सांगते. माझे बालपण कृष्णाकाठच्या गावात गेले. वैरण कापताना विळा लागला की वडील बांधावरची एकदांडी उपटत, पाने तळहातावर चोळत आणि हिरवा रस जखमेवर पिळून वर त्याच पाल्याचा बोळा दाबून धरत. आमच्याकडे तिला दगडी पाला म्हणत. काही गावांत ती कंबरमोडी, तर काही ठिकाणी जखमजोडी म्हणून ओळखली जाते. पुढे नोकरीत असताना ऊसतोडीच्या हंगामात कोयता लागलेले मजूर रुग्णालयात येत, तेव्हा त्यांच्या नडगीवरही हाच पाला बांधलेला असे. तो सोडवताना खालचे रक्त थांबलेले मी कितीतरी वेळा पाहिले आहे. त्याच पाल्याखाली फडातली माती आणि पाचटाची कुसे जखमेत तशीच राहिलेलीही तितक्याच वेळा पाहिली आहेत. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते दोन्ही एकत्र धरूनच म्हणायचे आहे.

एकदांडीची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. तिकडचे जलमार्ग खुले झाल्यानंतर ती आपल्याकडे आली आणि रस्त्याकडेला, बांधांवर, पडीक रानांत पसरली. म्हणजे सुश्रुतांनी किंवा वाग्भटांनी ती पाहिलेली असणे शक्य नाही. तरीही आपल्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी तिचा गुण ओळखला आणि तिला नावेही तशीच दिली. 'आपले ज्ञान हजारो वर्षांचे आहे, म्हणून ते खरे आहे' हा युक्तिवाद मला त्यामुळे अपुरा वाटतो. रानात नवे झाड आले तर ते वापरून पाहायचे, उपयोगी पडले तर ठेवायचे, नाही पडले तर सोडून द्यायचे, अशी ती पारखण्याची रीत होती. १९८० च्या दशकापासून आपल्याकडच्या औषधशास्त्रज्ञांनी याच पाल्याच्या रसाचे पांढऱ्या उंदरांवर प्रयोग केले, आणि स्टेरॉइडमुळे मंदावलेली जखम भरण्याची क्रिया त्या रसाने सुधारते असे त्यांना दिसून आले. गुराख्यांनी सुरू केलेली पारख तिथवर पोचली, याचे मला कौतुक वाटते.

मात्र उंदराच्या आणि माणसाच्या कातडीत एक मोठा फरक आहे, आणि तो वाचकांना सहसा कोणी सांगत नाही. उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो आकसतो, कडा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि जखम बरीचशी या आकसण्यानेच मिटते. माणसाच्या, विशेषतः नडगीवरच्या आणि तळपायाच्या उघड्या जखमेत आधी तळातून लाल, दाणेदार मांसांकुर वर यावे लागतात आणि मग कडांकडून नवी त्वचा त्यांवर कणाकणाने सरकावी लागते. मधुमेही माणसात याला कित्येकदा महिने लागतात. म्हणून उंदराची जखम लेपामुळे चार दिवस आधी मिटली, एवढ्यावरून माणसाच्या पायाविषयी कोणतेही वचन देता येत नाही. काचेच्या बशीतल्या प्रयोगांचेही तसेच आहे. बशीत वाढवलेले जिवाणू कडुनिंबाच्या अर्काने मरतात हे खरे असले, तरी जुन्या जखमेतले जिवाणू स्वतःभोवती चिकट थर करून राहतात आणि त्या थरात प्रतिजैविकेसुद्धा नीट शिरत नाहीत. 'संशोधनाने सिद्ध' असे शब्द आपल्या लेखात सहा ठिकाणी आले आहेत. ते संशोधन बशीत झाले, उंदरावर झाले की माणसांवर झाले, हे एकाही ठिकाणी सांगितलेले नाही.

हळदीच्या बाबतीत तर एक प्रसिद्ध घटनाच चुकीच्या अर्थाने सांगितली जाते, आणि आपल्या लेखातही तसेच झाले आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर पेटंट देण्यात आले. त्या वेळी आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक असलेले, मूळचे गोव्यातील माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले गेले. जुने संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ, तसेच भारतीय वैद्यकीय नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक निबंध, असे एकूण ३२ संदर्भ पुढे ठेवण्यात आले, आणि १९९७ मध्ये तिथल्या पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशीच ही लढाई होती. पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रह २००१ पासून उभा राहू लागला, तोही याच अनुभवातून. पण तिथे सिद्ध काय झाले, याचा नीट विचार केला पाहिजे. हळदीचा हा उपयोग नवा शोध नाही, भारतीयांना तो आधीपासून माहीत आहे, एवढेच त्या निर्णयाने ठरले. हळदीने जखम किती लवकर भरते, कोणत्या जखमेची भरते, किती हळद किती दिवस लावावी, हे प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलेलेच नव्हते. 'हळदीने जखम भरते हे अमेरिकेनेही मान्य केले' असे जेव्हा छापले जाते, तेव्हा मालकीच्या वादाचा निकाल आपण औषधाच्या परीक्षेचा निकाल म्हणून सांगत असतो.

शिवाय आज आपल्या डब्यात असलेली हळद म्हणजे नेमके काय, हेही पाहायला हवे. मी सांगली जिल्ह्यातली आहे. हळदीच्या पेठेत माझे निम्मे नातेवाईक आहेत. हळकुंड जमिनीतून निघते, शिजवले जाते, उघड्यावर वाळवले जाते, पॉलिश होते, दळले जाते, पोत्यांत भरले जाते. ही पूड आमटीत पडून उकळणार असते, त्या कामासाठी ती उत्तम आहे. परंतु तिच्यात मातीतले जिवाणू आणि त्यांची बीजे असू शकतात, आणि उघड्या जखमेत ती भरताना मध्ये उकळी येत नाही. तिच्यातला पिवळा क्रियाशील घटक साधारण शेकडा तीनच्या आसपास असतो, तोही पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेल-तुपात मिसळतो, म्हणूनच आपल्या आज्या हळद तुपात किंवा तेलात कालवून लावत असाव्यात. त्यात भर म्हणजे रंग खुलावा म्हणून लेड क्रोमेट किंवा मेटॅनिल यलोसारखी विषारी भेसळ करणारेही आहेत. औषध म्हणून हळद वापरायची असेल तर तिचा घटक मोजलेला, जंतुमुक्त केलेला अर्क हवा. मिसळणाच्या डब्यातला चमचा त्याची जागा घेऊ शकत नाही.

असे अर्क, असे उपचार होऊ शकतात का? नक्की होऊ शकतात, आणि हेच मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण आपल्याच राज्यात ते झाले आहे. सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सकांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९१ मध्ये ब्रिटनमधील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना मध आणि निम्म्यांना त्या काळी सर्वत्र वापरले जाणारे चांदीयुक्त मलम लावले गेले. मध लावलेल्यांपैकी शेकडा ८७ जखमा पंधरा दिवसांत भरल्या, तर मलम लावलेल्यांपैकी शेकडा १०. एवढा मोठा फरक दिसला की शास्त्रज्ञ सावध होतात, आणि ते योग्यच आहे. जगभरातल्या २६ चाचण्या आणि ३०११ रुग्ण यांचा एकत्र विचार करणारा कॉक्रेनचा, म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, आढावा २०१५ मध्ये आला, तेव्हा वरवरच्या भाजलेल्या जखमा मधाने नेहमीच्या काही उपचारांपेक्षा साधारण चार ते पाच दिवस लवकर भरतात, शस्त्रक्रियेनंतर पू झालेल्या जखमांनाही त्याचा उपयोग होतो, मात्र पायाच्या जुनाट जखमांबद्दल तसे खात्रीने म्हणता येत नाही, असा संयमी निष्कर्ष निघाला. मध हा वनस्पतीचा अर्क नव्हे, तो फुलांतून मधमाशीने केलेला. पण परीक्षा कशी घ्यावी आणि तिचा निकाल किती मोजक्या शब्दांत सांगावा, यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडले नाही.

मुंबईतली दोन उदाहरणे तर अगदी स्वयंपाकघरातली आहेत. वाडिया रुग्णालयात भाजलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींच्या जंतुमुक्त पट्ट्यांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सकांनी २००३ मध्ये केळीच्या पानाच्या पट्टीचा. केळीचे पान मेणचट, गुळगुळीत असल्यामुळे ते जखमेला चिकटत नाही. पट्टी बदलताना कोवळी त्वचा सोलून निघत नाही आणि रुग्ण विव्हळत नाही. भाजलेल्या लहान मुलाची चिकटलेली पट्टी काढताना ज्या परिचारिकेचे हात थरथरले असतील, तिला या एका गुणाचे मोल समजावून सांगावे लागत नाही. पण ते पान झाडावरून तोडून तसेच लावलेले नव्हते, पट्टीच्या कापडावर चिकटवून वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक केलेले होते. झाड तेच राहिले. ते रुग्णापर्यंत कसे पोचवायचे, याची शिस्त मात्र पाळली गेली.

क्षारसूत्राचे उदाहरणही मी आपल्या लेखात शोधत होते. स्नुहीचा म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे चढवलेला हा दोरा भगंदरासाठी, म्हणजे गुदद्वाराजवळ होणाऱ्या नळीसारख्या वाहत्या जखमेसाठी, आयुर्वेदात वापरला जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्याची शस्त्रक्रियेशी थेट तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत ५०२ रुग्ण होते. दोऱ्याने जखम भरायला सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु वर्षभरात भगंदर पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर शेकडा ११ आणि क्षारसूत्रानंतर शेकडा ४ होते. यात लपवण्यासारखे काही नव्हते, उणी बाजूही तितक्याच मोकळेपणाने सांगितली गेली. म्हणून आज शल्यचिकित्सकही रुग्णाला क्षारसूत्राचा मार्ग सुचवू शकतात. पर्याय हा शब्द वापरण्याचा अधिकार अशा चाचणीतून मिळतो.

बाहेरच्या देशांतली दोन उदाहरणे थोडक्यात सांगते, कारण त्यांतल्या वनस्पती आपल्याला परक्या नाहीत. घरोघरी गॅलरीत कुंडीत असलेला, ज्याच्या पानांची आपण भजी करतो तो पानओवा, आणि ओलसर जागी पसरणारी मंडूकपर्णी, या दोहोंच्या अर्कांपासून तैवानमध्ये एक मलम तयार झाले. मधुमेही पायाच्या जखमा असलेल्या २३६ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांत मलम लावलेल्यांपैकी शेकडा ६०.७ जणांची जखम पूर्ण भरली, तर आधुनिक शोषक पट्टी लावलेल्यांपैकी शेकडा ३५.१ जणांची. दुसरे उदाहरण ज्या झाडाच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी पोथ्या लिहिल्या त्या भूर्जवृक्षाच्या युरोपीय भाऊबंदांचे. त्यांच्या सालीतील अर्काचे निर्जंतुक मलम, जन्मापासून कातडीवर फोड येऊन सोलून निघणाऱ्या मुलांच्या जखमांसाठी युरोपात २०२२ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. आपल्या पानओव्याची चाचणी आपल्या महाविद्यालयांत का झाली नाही, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. तैवानच्या मलमाबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे की ते मृत मांस काढून स्वच्छ केलेल्या जखमेवर, मोजून, दिवसाचे वेळापत्रक पाळून लावलेले होते. पानओव्याची पाने वाटून ती पोटीस पायाला बांधणे ही निराळी गोष्ट आहे.

आणि सगळ्याच वनस्पती गुणकारी ठरतात असेही नाही. कोरफडीवर आपण सर्वांनी डोळे झाकून विश्वास टाकला आहे. २०१२ मध्ये कॉक्रेनने कोरफडीच्या सात चाचण्या तपासल्या. त्यांत मिळून ३४७ रुग्ण होते आणि जखमेसाठी तिची शिफारस करण्याजोगा पुरावा त्यांतून मिळाला नाही. त्यांतल्याच एका, १९९१ मधील छोट्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर उघड्या राहिलेल्या जखमा नेहमीच्या उपचाराने सरासरी ५३ दिवसांत भरल्या, तर कोरफडीचा गर लावल्यावर ८३ दिवस लागले. उन्हाने रापलेल्या कातडीवर गार वाटणारा गर खोल जखमेत उशीर करू शकतो, हे वाचकाला सांगायला नको का? कच्च्या पपईच्या चिकातील पाचक द्रव्य असलेली जखमेवरची मलमे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये गंभीर दुष्परिणामांमुळे बाजारातून हटवायला लावली. आपल्याकडे बिब्ब्याने पोळून आलेल्या टाचा आणि रुईचा चीक उडून लाल झालेले डोळे मी पाहिले आहेत. वनस्पतीत औषध असते याचा अर्थच तिच्यात शरीरावर परिणाम करणारी रसायने असतात. ती कधी अपायही करणार.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले त्या मधुमेही पायाकडे येते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अशा रुग्णाच्या पायाची संवेदना हळूहळू जाते. चपलेत खडा राहिला तरी कळत नाही, तळव्याला छिद्र पडले तरी दुखत नाही. नसांची ही अवस्था, पायाकडे कमी झालेला रक्तपुरवठा, रक्तातली वाढलेली साखर आणि चालताना त्याच जागेवर पुन्हा पुन्हा येणारा शरीराचा भार, या चार कारणांमुळे ती जखम भरत नाही. यांतल्या एकाही कारणावर पाल्याचा रस काम करत नाही. पायावरचा भार काढावा लागतो, मृत मांस काढावे लागते, साखर आवरावी लागते, रक्तवाहिनी बंद असेल तर ती उघडावी लागते. हे सारे झाल्यावर वर कोणते मलम लावायचे हा प्रश्न येतो, आणि तिथे वनस्पतीच्या अर्काला मानाची जागा मिळू शकते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात जवळच्या गावातले एक शेतकरी आले होते. वय पन्नाशीच्या पुढे, बारा वर्षांचा मधुमेह. अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम झाली, तेव्हा आमच्या ड्रेसिंगच्या खोलीत त्यांनी तीन फेऱ्या मारल्या होत्या आणि तळ लाल दिसायला लागला होता. मग बाजाराच्या दिवशी कुणी तरी त्यांना जडीबुटीचे तेल दिले आणि 'दवाखान्याची पट्टी सोडा, महिनाभर हेच लावा' असे सांगितले. दुखत नव्हते, म्हणून त्यांना बरे वाटत होते. मधुमेही पायाचा दगा इथेच असतो. पाच आठवड्यांनी मुलगा त्यांना मोटारसायकलवर घेऊन आला. दारातच वास आला. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या तेलात काही विष होते असे मी म्हणत नाही, कदाचित त्यात चांगल्या वनस्पतीही असतील. त्यांचे नुकसान तेलाने नव्हे, गेलेल्या पाच आठवड्यांनी केले. आपल्या लेखातला 'महिनाभर' हा शब्द वाचताना मला तो दारातला वास आठवला.

ज्यांना परंपरेचा आधार हवा आहे, त्यांनी सुश्रुतसंहिता जरूर उघडावी. चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणासाठी म्हणजे जखमेसाठी साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत लेप आहेच. पण छेदन म्हणजे कापणे आहे, पू काढून टाकणे आहे, सीवन म्हणजे टाके घालणे आहे, काढ्याने धुणे आहे, पट्टी बांधणे आहे, आहारसुद्धा आहे. व्रणाचे आधी शोधन म्हणजे स्वच्छ करणे, मग रोपण म्हणजे भरून आणणे, हा क्रम तिथे पक्का आहे. आणि सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात मधुमेही माणसाचे व्रण मोठ्या कष्टाने बरे होतात, असे स्पष्ट म्हटले आहे. इतक्या शतकांपूर्वी ज्याला ही अडचण दिसली, त्या शल्यवैद्याच्या नावाने आज कुणी मधुमेही रुग्णाला नुसता लेप लावून घरी बसवत असेल, तर तो त्याचाच ग्रंथ नीट वाचत नाही. आमच्या भागातल्या एका वैद्यांकडे मी रुग्ण पाठवत असे. ते जखमेवर जात्यादी हे आयुर्वेदिक तेल वापरत, परंतु त्याआधी त्रिफळ्याच्या काढ्याने जखम स्वच्छ करत, साखरेचा अहवाल मागत आणि काळी कड दिसली की त्याच दिवशी रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे धाडत. त्यांच्या हातून जखमा भरत असत, यात नवल नव्हते.

धनुर्वाताबद्दल आपल्या लेखात एक ओळही नाही, ही उणीव फार मोठी आहे. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत आणि शेणात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. बांधावरचा पाला उपटून तसाच चोळला तर ती जखमेत जाऊ शकतात. नवजात बाळांच्या आणि बाळंतिणींच्या धनुर्वाताचे देशातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले, त्यामागे लस होती आणि नाळेवर शेण, राख लावण्याची रीत मोडून काढणाऱ्या आशाताई, परिचारिका, दाई होत्या. शेतात काम करणाऱ्या प्रौढांनी मात्र लस शेवटची कधी घेतली ते बहुतेकांना आठवत नाही. रानात विळा लागला, जवळ काही नाही आणि दगडी पाला दाबून रक्त थांबवले, तर मी त्याला चूक म्हणणार नाही. घरी आल्यावर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली ती जखम चांगली धुवावी, पाला काढून टाकावा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी, एवढे पुढचे वाक्य लेखात हवे होते. भाजल्यावरही तेच. वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरणे हा पहिला उपचार. कोरफड, टूथपेस्ट, शाई, चहाची पूड यांपैकी काहीही त्याच्या आधी येत नाही.

शासनाकडे माझी एकच मागणी आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि आयुर्वेद महाविद्यालयेही आहेत. जखमांचे रुग्ण एका ठिकाणी आणि वनस्पतींचे जाणकार दुसऱ्या ठिकाणी, असे किती दिवस चालायचे? एकदांडी, पानओवा, मंडूकपर्णी, हळद यांचे मोजलेले, जंतुमुक्त अर्क तयार करून दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र चाचण्या घ्याव्यात, भारतीय चाचणी नोंदवहीत त्यांची आधी नोंद करावी आणि निकाल अनुकूल असो वा प्रतिकूल, तो मराठीत जाहीर करावा. प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू ड्रेसिंगच्या खोल्यांत दरवर्षी वाढताना मी पाहिले आहेत. नव्या औषधांची गरज खरी आहे आणि ती आपल्या बांधावर सापडणे अशक्य नाही. तोवर मधुमेह आणि गँगरीन बरे करण्याचे दावे करणाऱ्या जाहिरातींवर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानुसार कारवाई व्हावी. त्या कायद्याच्या यादीत हे दोन्ही विकार नावानिशी आहेत.

आपल्याकडे विनंती अशी की येत्या रविवारी, मूळ लेखाइतक्याच ठळकपणे, त्या शेवटच्या परिच्छेदाची दुरुस्ती छापावी. मधुमेह असलेल्यांनी पायाची कोणतीही जखम, ती दुखत नसली तरी, दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवावी. जखमेभोवती काळेपणा, दुर्गंधी, सूज किंवा ताप असल्यास त्याच दिवशी. आणि घरी कोणताही पाला किंवा लेप लावला असल्यास तो न लपवता सांगावा, कारण रुग्ण रागावले जाण्याच्या भीतीने ते सांगत नाहीत आणि आम्हाला जखमेचा रंग कळत नाही. या मजकुराचा सोपा मसुदा मी मोठ्या अक्षरांत लिहून पत्रासोबत जोडला आहे. माझ्या नावाची त्याला गरज नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका,
जि. सांगली